कापलेलं हाड भरतं कसं, आणि स्क्रूची भोकं किती दिवस राहतात?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५४ वर्षांची. डावा गुडघा आतल्या बाजूनं झिजलाय आणि पाय बाहेर वाकलाय. नागपुरात धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी गुडघा बदलण्याऐवजी त्याच्या खालचं हाड कापून पाय सरळ करायचं सुचवलंय. कापल्यावर दहा मिलिमीटरची फट राहील, प्लेट लावू, फटीत काही भरायची गरज नाही, असं ते म्हणाले. घरात हे कुणालाच पटत नाहीये. त्यात मामेभावाच्या नडगीतली प्लेट काढून आठ महिने झाले, तरी एक्स-रेत स्क्रूची भोकं दिसतात. ती भरत नाहीत, मग आईची एवढी मोठी फट कशी भरणार? आणि मामेभाऊ आता कबड्डी खेळायचं म्हणतोय, त्याला जाऊ द्यायचं का?

तुमची शंका रास्त आहे. हाड जोडायला लोक डॉक्टरकडे येतात, आणि इथं डॉक्टरच चांगलं हाड कापायला निघालेत. पण ती फट रिकामी राहत नाही. प्लेटचा शेवटचा स्क्रू बसायच्या आतच ती रक्तानं भरलेली असते. हाडाच्या मगजातून झिरपलेलं ते रक्त गोठतं, आणि पुढचं सगळं काम त्या गाठीतच होतं. म्हणून टाके घालण्याआधी फट कोरडी टिपून काढायची नसते.

कातडी कापली की वण राहतो, आणि वण म्हणजे मूळची कातडी नव्हे. हाडाचं तसं नाही. नीट भरून आलेलं हाड पुन्हा हाडच असतं, वणाचा मागमूस नसतो. पहिले काही दिवस तिथं सूज असते. लोक तिला घाबरतात, पण ती लागतेच. त्या सुजेतूनच मेलेले कण उचलणाऱ्या पेशी येतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात, आणि हाडावरच्या आवरणातून व मगजातून हाड बांधणाऱ्या पेशी जमा होतात. दोन-तीन आठवड्यांत तिथं कच्चं हाड पडायला लागतं. घाईनं तयार झालेलं हे हाड असतं, त्यातले तंतू आडवेतिडवे. त्यात चुना बसायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीच्या एक्स-रेत काहीच दिसत नाही आणि नातेवाईक हवालदिल होतात. साधारण सहा आठवड्यांनी धूसर ढगासारखं काहीतरी दिसू लागतं. तीन महिन्यांच्या आसपास त्या हाडात वजन पेलण्याइतका दम येतो. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष शरीर ते कच्चं हाड थोडंथोडं खाऊन त्या जागी पक्कं हाड रचत राहतं. जिकडून जोर येतो तिकडं दाट आणि जिकडून येत नाही तिकडं विरळ, हा नियम ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ साली मांडला आणि तो आजही आमच्या रोजच्या कामाचा आहे.

आता तुमच्या आईचं ऑपरेशन. पाय बाहेर वाकला की शरीराचं वजन गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावरच पडतं आणि तेवढीच गादी झिजते. नडगीचं हाड गुडघ्याखाली आतल्या बाजूनं कापून थोडं उघडलं, की वजन बाहेरच्या चांगल्या भागाकडं सरकतं. कापताना हाड आरपार कापत नाहीत, हे घरच्यांना नक्की सांगा. आधी दोन बारीक तारा घालून सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) दिशा पाहतात, मग त्या तारांच्या आधारानं करवत चालते आणि बाहेरच्या कडेला साधारण एक सेंटिमीटर हाड शाबूत ठेवतात. तिथं हाडाची बिजागरी तयार होते. मग पातळ पात्यांच्या छिन्न्या एकावर एक सारत फट उघडायची. हे काम घाईत केलं तर बिजागरी तडकते, म्हणून दर छिन्नीनंतर थांबतात. हाडाला किंचित वाकायला वेळ मिळाला की ते मोडत नाही. पाहणाऱ्याला तेव्हा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, काहीच चाललं नाहीये असं वाटतं. सर्जनसाठी मात्र अख्ख्या ऑपरेशनातला तोच सगळ्यात नाजूक वेळ असतो.

ही फट भरते ती बिजागरीकडून, म्हणजे अरुंद टोकाकडून रुंद टोकाकडं. सहा आठवड्यांच्या एक्स-रेत बाहेरच्या कोपऱ्यात पांढुरकं दिसेल आणि प्लेटजवळ काळं. तीन महिन्यांनी पांढरा भाग पुढं सरकलेला असेल. प्लेटलगतचा शेवटचा कोपरा सगळ्यात उशिरा भरतो, कधीकधी वर्षभरानं. तो काळा कोपरा पाहून "हाड जुळलंच नाही" असं बाहेरून कुणी म्हणालं तर आधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

दहा मिलिमीटर फार वाटतात ना? इथं एक हिशेब आहे, तो सांगितला की बरेच जण चकित होतात. नवं हाड तयार होताना त्या जागी किती हालचाल होते यावर सगळं अवलंबून असतं, आणि ती मोजायची फटीच्या रुंदीच्या तुलनेत. पक्कं हाड साधारण २ टक्क्यांपर्यंतचा ताण सोसतं. १० टक्क्यांपर्यंत कूर्चा, म्हणजे गादीसारखं लवचीक ऊतक, आणि कच्चं हाड टिकतं. त्याहून जास्त हालचाल असेल तर तिथं फक्त मऊ ऊतक राहतं, हाड होत नाही. आता समजा दोन्ही टोकं ०.२ मिलिमीटर हलताहेत. फट १० मिलिमीटरची असेल तर ही हालचाल झाली २ टक्के. पण फट ०.१ मिलिमीटरची, डोळ्याला दिसणारही नाही अशी असेल, तर तीच हालचाल २०० टक्के झाली. म्हणजे केसाएवढी फट आणि ढिला स्क्रू ही जोडी मोठ्या फटीपेक्षा जास्त त्रास देते. फट किती आहे यापेक्षा प्लेट किती घट्ट बसली आणि बिजागरी शाबूत आहे की नाही, हे डॉक्टरांना विचारा. शिवाय गुडघ्याजवळचं हाड जाळीदार असतं, रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळं ते नडगीच्या मधल्या घट्ट भागापेक्षा लवकर भरतं. फट बारा-तेरा मिलिमीटरच्या पुढं जाणार असेल तर बहुतेक जण कमरेच्या हाडाचा तुकडा किंवा हाडाला पर्याय म्हणून मिळणारा सिरॅमिकचा वेज (पाचर) भरतात. तुमच्याकडं तो प्रश्न काठावरचा आहे, आणि न भरण्याचा निर्णय मला तरी चुकीचा वाटत नाही. कुणी नातेवाईक "सिमेंट भरून घ्या" म्हणत असतील तर नको म्हणा. सिमेंट कधीच हाड होत नाही, उलट भरणाऱ्या हाडाची जागा अडवतं.

प्लेट लावूनसुद्धा हाड जुळताना वरून नव्या हाडाची गाठ कशी दिसत नाही, असंही काही जण विचारतात. टोकं अगदी चिकटून आणि घट्ट बांधलेली असली की शरीर गाठ बनवतच नाही. हाड खाणाऱ्या पेशींची एक टोळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं बोगदा खणत जाते, दिवसाला ५० ते १०० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), आणि तिच्या मागोमाग बांधणाऱ्या पेशी बोगदा नव्या हाडानं अस्तर लावत बुजवत येतात. हे काम संथ आहे, पण पक्कं. प्लास्टरमध्ये किंवा रॉड टाकल्यावर थोडी हालचाल राहते, तिथं गाठ येते. दोन्ही प्रकारांत हाड जुळतंच, फक्त वाट वेगळी.

हाड किती हुशार आहे हे पाहायचं असेल तर सैबेरियातल्या कुर्गानचे सर्जन गाव्रील इलिझारोव्ह यांचं काम पाहा. त्यांनी १९५१ साली हाडाभोवती कड्या आणि ताणलेल्या तारा लावून ते जोडायची पद्धत काढली, आणि पुढं असं दाखवलं की हाड कापून पाच-सात दिवस थांबून रोज एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर करून, टोकं दूर नेली तर मधल्या जागेत नवं हाड बनत जातं. रोज एक मिलिमीटरपेक्षा जास्त ओढलं तर हाड बनायला वेळ मिळत नाही, कमी ओढलं तर ते लवकर जुळून जातं आणि लांबी वाढत नाही. पोलिओनं आखडलेले पाय, न जुळलेली जुनी हाडं, यांत ही पद्धत आपल्याकडंही वर्षानुवर्षं वापरात आहे. हाताच्या बोटाएवढ्या लांबीचं नवं हाड त्यातून मिळू शकतं. तिच्यापुढं तुमच्या आईचे दहा मिलिमीटर काहीच नाहीत, फक्त हे नवं हाड मरू द्यायचं नाही.

हाड मरतं कशानं, तर ऑपरेशनमध्येच मारता येतं. उष्णतेनं. १९८३ साली स्वीडनमधल्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांच्या हाडावर दाखवलं, की एका मिनिटासाठी ४७ अंश सेल्सिअस तापमान झालं तरी हाडाच्या पेशी दुखावतात. मे महिन्यात ४५-४६ अंश बघणाऱ्या नागपूरकरांना हा आकडा फार वाटत नाही, पण बाहेर कितीही ऊन असलं तरी हाडाच्या आत ३७ च्या आसपासच असतं आणि तिथं दहा अंश वाढले की हाड करपतं. ड्रिलचं बोथट पातं (बिट), फार दाब, सलाइन न सोडता चाललेली करवत यांनी हे तापमान सहज ओलांडता येतं. चांगला बिट घातला की त्याच्या खोबणीतून पांढरी ओलसर भुकटी बाहेर येते. बिट बोथट असला की ती पिवळसर-तपकिरी होते, धूर दिसतो आणि करपल्याचा वास येतो, दातांच्या दवाखान्यात येतो तसा. हा वास आला की आम्ही हात थांबवतो आणि बिट बदलतो. ओटीतली सिस्टर सलाइनची सिरिंज भरून उभी असते ती यासाठी. मोठ्या ४.५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोक ३.२ मिलिमीटरचं पाडतात, लहान ३.५ च्या स्क्रूसाठी २.५ मिलिमीटरचं, आणि स्क्रूचे आटे उरलेल्या हाडात बसतात. ते हाड आधीच करपलेलं असेल तर स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही आठवड्यांत सैल होतो. बाहेरच्या फ्रेमच्या जाड सळईभोवती कधीकधी एक्स-रेत मेलेल्या हाडाचं गोल कडं दिसतं, ते याच कारणानं. प्लेटचा नेमका ब्रँड विचारण्यापेक्षा ड्रिलवर सलाइन सोडणारं माणूस ओटीत असतं की नाही, हे मी तरी आधी विचारेन.

ड्रिलनं हाड बरंही करता येतं. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून आतलं हाड मरतं. गोळा बसायच्या आधी रुग्ण आला तर मांडीच्या हाडाच्या बाजूनं आत ड्रिल करून दाब कमी करतात, आणि त्या वाटेनं रक्त व नवं हाड शिरायला जागा होते. उशीर झाला, गोळा चपटा झाला, तर त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून सिकलसेल असलेल्या तरुण मुलाला जांघेत दुखतंय म्हटलं की थांबू नये, एक्स-रे नॉर्मल आला तरी एमआरआय करावा. त्या भोकामुळं मांडीचं हाड खालून मोडू नये म्हणून काही आठवडे वॉकरवर ठेवतात.

आता तुमच्या मामेभावाची भोकं. रांगेत टाचणीची भोकं पाडलेला कागद त्या रांगेवरच फाटतो, आणि हाडाचंही तसंच. हाडाच्या जाडीच्या साधारण २० टक्के व्यासाचं भोक असेल तर पिळाच्या जोरापुढं हाडाची ताकद सुमारे एक तृतीयांश कमी होते, असं प्रयोगशाळेतल्या मोजमापांत दिसलंय. नडगी मधोमध अंदाजे २५ मिलिमीटर रुंद धरली तर ४.५ मिलिमीटरचं भोक जवळपास तेवढंच भरतं. स्क्रू आत असतो तोवर त्याच्याभोवती हाड घट्ट होतं आणि ही कमजोरी कमी होते. स्क्रू काढला की भोक पुन्हा उघडं, आणि धोका नव्यानं सुरू. प्लेटखालचं हाडही काही प्रमाणात विरळ झालेलं असतं, कारण प्लेटच्या दाबानं तिथलं रक्त कमी पोहोचतं. म्हणून प्लेट काढल्यावरचे पहिले दीड-दोन महिने सांभाळायचे, आणि नेमकं तेव्हाच लोक म्हणतात, "आता तं लोखंड निघालं, आता काय भीती!" हाताच्या पुढच्या भागातल्या प्लेटा तर मी अडचण नसेल तर काढतच नाही, कारण काढल्यावर पुन्हा मोडलेले हात पाहिलेत.

एक्स-रेत दिसणारं भोक मात्र त्याहून बराच काळ राहतं. स्क्रूच्या अवतीभोवतीची भिंत दाट झालेली असते, आणि आत भरलेलं नवं हाड तेवढं दाट नसतं. त्यामुळं ताकद परत आली तरी काळा गोल ठिपका वर्षभर, कधी त्याहूनही जास्त दिसत राहतो. "भोकं बुजून राहिली का डॉक्टरसाहेब?" असं विचारलं जातं, तेव्हा मी एक्स-रेइतकंच बोट दाबून पाहतो, एका पायावर उभं राहायला सांगतो, आणि रात्री दुखतं का ते विचारतो. मामेभावाला आठ महिने झालेत. दाबल्यावर दुखत नसेल, पळताना दुखत नसेल, आणि सर्जननं जुना-नवा एक्स-रे पाहून हो म्हटलं, तर कबड्डीला जाऊ द्यायला हरकत नाही. फक्त आधी महिनाभर पळणं, मग उड्या, मग रिंगणात पकडापकडी, या क्रमानं. पहिल्याच दिवशी चढाई करू नये.

आहाराबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून थोडक्यात. कॅल्शियमच्या गोळीनं भोक आठवड्यात बुजत नाही. पायाचा रस्सा आवडत असेल तर घ्या, पण त्यानं हाड जोडतं असं समजू नका. डाळ, अंडी, दूध, मासे यांतून पुरेशी प्रथिनं मिळाली पाहिजेत, आणि संत्री आहेतच आपल्याकडं, त्यातलं क जीवनसत्त्व हाडातल्या तंतूंना लागतं. इतकं ऊन असूनही ड जीवनसत्त्व कमी असणारे नागपूरकर पुष्कळ आहेत, ऊन डोक्यावर असताना आपण घरात किंवा कूलरपुढंच असतो. ऑपरेशनआधी ते आणि साखर तपासून घ्या. आईला मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. हाडजोड वेलीचं चूर्ण लोक देतात. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत त्याचा फायदा दिसलाय, पण त्यासाठी प्लेट किंवा विश्रांती सोडू नये, आणि बाकी औषधांबरोबर घेण्याआधी विचारावं.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. हा मुद्दा मी प्रत्येक रुग्णाला वेगळा विचारतो, कारण "तंबाखू खाता का?" म्हटलं की "नाही" येतं, आणि खिशातून पन्नीची पुडी डोकावत असते. "सिगारेट नाही ओढत जी, फक्त खर्रा" हे उत्तर इतकं ठरलेलं आहे, की मी आता तिथूनच सुरुवात करतो. पन्नीत घोटला काय, विडीत ओढला काय किंवा मशेरी म्हणून दातांना लावला काय, निकोटिन रक्तात जातंच, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. धूम्रपान करणाऱ्यांत हाड उशिरा भरणं आणि न भरणं हे या ऑपरेशनात नक्की जास्त दिसतं. आई मशेरी किंवा गुडाखू लावत असतील तर ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधी बंद करा, आणि हाड भरेपर्यंत बंदच ठेवा. मामेभाऊ खात असेल तर त्यालाही हेच. दुखणं थांबायला मेडिकलमधून स्वतःच डायक्लोफेनॅक आणून महिनोन्महिने खाऊ नका. सुरुवातीचे थोडे दिवस डॉक्टर देतील तेवढं चालतं, पुढं मूत्रपिंड आणि पोट दोन्हींना त्रास.

आईसाठी पहिले चार ते सहा आठवडे वॉकर किंवा दोन काठ्या. पाय टेकवायचा, पण किती टेकवायचा हे प्लेटच्या घट्टपणावर ठरतं, ते सर्जनच सांगतील. अजिबात टेकवू नका असं क्वचितच सांगितलं जातं, कारण थोडा दाब पडला तर हाड लवकर घट्ट होतं. पोटरीत एकदम दुखून सूज आली, छातीत धाप लागली, किंवा जखमेतून पाणी येत राहिलं, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. बाहेरच्या कडेला अचानक टोचल्यासारखं दुखायला लागलं तरी दाखवा, बिजागरीला तडा गेला असेल तर तो सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. प्लेट काढायची की नाही हा प्रश्न वर्ष-दीड वर्षानंतरचा आहे. ती सडपातळ माणसाला कातडीखाली बोचते म्हणून काढावी लागते, हाड भरलंय की नाही हे पाहायला काढत नाहीत.

आणि एक्स-रेंचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून मागं फिरता पंखा दिसेल असा फोटो नको. सेंटरवरून सीडी किंवा लिंक मागा, पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे तारखेनं लावून दाखवा. नुसत्या शेवटच्या एक्स-रेवरून फट भरतेय की थांबलीय हे कुणालाच सांगता येत नाही, आधीच्याशी तुलना करूनच ते कळतं.